संगणक आपले अवयव कसे ओळखतो

मनुष्याला आपल्या हातापायांची ओळख कोणी करून द्यावी लागत नाहीं. काळोखांतहि आपला हात कोठें आहे हें त्याला कळतें. यंत्राची गोष्ट निराळी आहे. संगणकाला जोडलेला कॅमेरा, त्याच्या पाठीवर बसविलेलें घड्याळ, फार काय त्याच्या स्वतःच्या स्मृतीचा आकार, यांपैकीं कांहींहि त्याला उपजत ठाऊक नसतें. कोणीतरी तें त्याला सांगावें लागतें, अथवा त्यानें स्वतः चौकशी करून तें शोधावें लागतें. सांगणें आणि शोधणें या दोन रीतींचा चार दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. वरवर पाहतां तो केवळ कारागिरांच्या उपयोगाचा वाटेल. परंतु यंत्र ज्याच्या घरीं आहे त्याला त्या यंत्राची झडती घेण्याचा अधिकार कितपत आहे, हा मोठा प्रश्न त्याच इतिहासाच्या पोटांत आहे.

इ. स. २०१२ च्या फेब्रुवारीच्या २९ तारखेस इंग्लंडांत रास्पबेरी पाय नांवाचा एक संगणक विक्रीस आला. खिशांत मावेल एवढ्या एकाच बोर्डावर सारा संगणक. त्याला पेटी नाहीं, पडदा नाहीं, कळफलक नाहीं. किंमत ३५ डॉलर. केंब्रिज येथील एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांना असें आढळून आलें होतें कीं, संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांनीं संगणक वापरलेला असतो, परंतु त्याच्याकडून नवें काम करून घेतलेलें नसतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्यांनीं एक धर्मादाय संस्था स्थापिली आणि हा बोर्ड काढला. त्यावर चालणारी प्रणाली लिनक्स ही होती. म्हणजे जिची मूळ संहिता कोणासहि वाचतां येते, सुधारतां येते व इतरांस देतां येते अशी. पुढल्याच वर्षीं, मे महिन्यांत, या बोर्डासाठीं एक लहानसा कॅमेरा निघाला. तो चपट्या पट्टीवजा तारेनें जोडावयाचा आणि यंत्राला विचारावयाचें, ‘कॅमेरा आहे का?’ यंत्र एका ओळींत उत्तर देई. पुष्कळांना मिळालेलें उत्तर असें होतें: ‘सपोर्टेड = १, डिटेक्टेड = ०’. म्हणजे कॅमेरा चालविण्याची तयारी आहे, परंतु कॅमेरा सांपडला नाहीं. समोर कॅमेरा डोळ्यांना दिसत असतां यंत्र असें कां म्हणतें, हें समजण्यासाठीं प्रथम बरेंच मागें जावें लागतें.

आय्. बी. एम्. कंपनीनें १९८१ च्या ऑगस्टमध्यें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्याच्या आंत निरनिराळीं कार्डें बसविण्यासाठीं खांचा होत्या. पडद्यासाठीं एक कार्ड, छपाईयंत्रासाठीं दुसरें, टेलिफोनच्या तारेसाठीं तिसरें. काम निघालें म्हणजे संगणकाचें लक्ष वेधून घेण्यासाठीं कार्डाला एक स्वतंत्र तार लागे, आणि अशा तारा त्या यंत्रांत अवघ्या ८ होत्या. कोणत्या कार्डानें कोणती तार घ्यावयाची हें संगणक ठरवीत नसे. तें मालक ठरवी. कार्डावर बारीक खुंट्या असत आणि त्यांवर जम्पर नांवाच्या चिमुकल्या टोप्या बसविलेल्या असत. टोपी या खुंट्यांवरून काढून त्या खुंट्यांवर बसविली कीं तार बदले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर हें आवाजाचें कार्ड १९८९ सालीं निघालें. आरंभीच्या या कार्डांना कारखान्यांतूनच ७ क्रमांकाची तार नेमून येई, आणि पहिल्या छपाईयंत्राची रूढ तारहि ७ हीच होती. एकाच घरक्रमांकाच्या दोन घरांचें टपाल जसें एकमेकांकडे जावें तशांतला हा प्रकार. यंत्राच्या अवयवांची नोंदवही त्या काळीं यंत्रांत नव्हती. ती मालकाच्या डोक्यांत, अथवा पेटीच्या झांकणाला चिकटविलेल्या कागदावर असे.

ही नोंदवही यंत्राकडे सोंपविण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. आय्. बी. एम्. नेंच १९८७ सालीं मायक्रो चॅनेल ही नवी जोडणी काढली व तींत प्रत्येक कार्डाला ओळखक्रमांक दिला. परंतु ती वापरूं इच्छिणाऱ्या इतर कारखानदारांना त्या कंपनीचा परवाना घ्यावा लागे, म्हणून ती फारशी पसरली नाहीं. १९९२ सालीं इंटेल कंपनीनें पुढें आणलेली पी. सी. आय्. ही जोडणी मात्र सर्वत्र रुजली. तिची रीत शाळेंतल्या हजेरीसारखी आहे. संगणक सुरू होतांच तो एकेका खांचेला हांक मारतो. तेथें कार्ड असेल तर तें प्रथम दोन क्रमांक सांगतें: एक कारखानदाराचा, दुसरा मालाचा. इंटेलनें स्वतःसाठीं घेतलेला क्रमांक ८०८६ हा आहे. त्याच कंपनीच्या १९७८ सालच्या प्रख्यात चिपचें हें नांव. खांच रिकामी असेल तर उत्तरादाखल नुसते एकावर एक वाचले जातात, आणि सगळेच एक आले म्हणजे ‘गैरहजर’ असें समजावयाचें. हजर नसलेल्याची नोंदहि इतक्या स्वच्छपणें होऊं लागली, हीच त्या योजनेंतील खरी सुधारणा होय.

१९९६ च्या जानेवारींत सात कंपन्यांनीं मिळून यू. एस्. बी. या जोडणीचे नियम प्रसिद्ध केले. तिच्या शिल्पकारांत इंटेलमधील अजय भट्ट यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांचें नांव धारण करणाऱ्या बडोद्याच्या विद्यापीठाचे ते पदवीधर. या जोडणीनें हजेरी पेटीच्या आंतून बाहेर आणली. यंत्र चालूं असतांना वस्तु जोडावी, तिनें आपले दोन क्रमांक सांगावे आणि काढून घेतल्यावर तिचें नांव पटावरून जावें, ही सोय आज मुलांनाहि नवलाची वाटत नाहीं.

परंतु क्रमांक म्हणजे नांव नव्हे. लिनक्सचा पाया हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं घातला, तेव्हां यंत्रभाग बनविणाऱ्या कारखानदारांचें त्याच्याकडे लक्ष नव्हतें. आपला माल कसा चालवावा याची माहिती ते मोठ्या कंपन्यांना देत. फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीला नव्हे. ही उणीव वापरणाऱ्यांनींच भरून काढली. क्रमांकांवरून नांवें सांगणाऱ्या याद्या लोकांनीं एकमेकांच्या साह्यानें तयार केल्या. चेक देशांतील मार्टिन मारेश यांनीं पी. सी. आय्. ची हजेरी वाचून दाखविणारा कार्यक्रम लिहिला आणि त्याच्या जोडीला नांवांची यादीहि राखली. ज्याच्या घरीं अनोळखी कार्ड निघेल त्यानें त्याचा क्रमांक व नांव कळवावें, म्हणजे जगांतील सर्वांच्या यंत्रांत तें नांवानिशीं दिसूं लागे. नोंदवही प्रथम मालकाच्या डोक्यांत होती, नंतर ती यंत्रांत गेली, आणि आतां ती सार्वजनिक झाली.

येथें प्रश्न सुटला असें श्रोत्यांना वाटणें साहजिक आहे. तो सुटला होता, परंतु मेजावरच्या संगणकापुरता. रास्पबेरी पायसारख्या लहान बोर्डांचा वंश निराळा आहे. त्यांचा प्रोसेसर ए. आर्. एम्. घराण्यांतला, म्हणजे ज्याचा पहिला नमुना केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनींत १९८५ च्या एप्रिलमध्यें सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांच्या योजनेप्रमाणें तयार झाला, आणि जो पुढें भ्रमणध्वनींत घरोघर पोंचला, त्या घराण्यांतला. अशा चिपमध्यें प्रोसेसर, घड्याळें, तारांचीं नियंत्रकें, चित्राचा भाग, सर्व एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेलें असतें. तेथें खांचा नाहींत, म्हणून हजेरीहि नाहीं. अमुक पत्त्यावर अमुक भाग आहे हें ज्यानें चिप आंखली त्यालाच ठाऊक. प्रणालीनें अंदाजानें भलत्या पत्त्यावर हांक मारली तर ‘गैरहजर’ असें उत्तरहि न येतां सारें यंत्र जागच्या जागीं गोठूं शकतें. म्हणून येथें शोधण्याची रीत चालत नाहीं, सांगण्याचीच चालते.

लिनक्समध्यें हें सांगणें फार दिवस ओबडधोबड रीतीनें होत असे. प्रत्येक बोर्डासाठीं एक वेगळी फाइल मूळ संहितेंत घालावयाची व तींत त्या बोर्डावरील प्रत्येक भागाचा पत्ता लिहावयाचा. रसेल किंग यांच्याकडे बोर्डांची एक नोंदवही असे आणि नव्या बोर्डाला तींत क्रमांक मिळे. बोर्ड वाढले तशा फाइली वाढल्या. एकाच चिपचीं किंचित् निराळीं वर्णनें शेंकडों ठिकाणीं झालीं. अखेर २०११ च्या मार्चमध्यें टोरवाल्ड्स यांनीं या अव्यवस्थेवर इतक्या कठोर शब्दांत टीका केली कीं, ए. आर्. एम्. च्या मंडळींना नवी घडी बसविणें भाग पडलें.

त्यांनीं उचललेला उपाय मात्र जुनाच होता. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिच ब्रॅडली यांनीं एक पद्धति बसविली होती. तींत यंत्राच्या सर्व भागांचें वर्णन झाडाच्या आकृतींत लिहिलेलें असे: खोड म्हणजे बोर्ड, फांद्या म्हणजे जोडण्या, आणि पानें म्हणजे प्रत्यक्ष भाग. १९९४ सालीं तिला प्रमाणपद्धति म्हणून मान्यता मिळाली. पॉवर-पी. सी. जातीच्या यंत्रांसाठीं लिनक्सनें ती आधींच स्वीकारली होती. आतां ती ए. आर्. एम्. ला लागू झाली. इंग्रजींत तिचें नांव ‘डिव्हाइस ट्री’. बोर्डाचें वर्णन प्रणालीच्या पोटांतून निघून स्वतंत्र दस्तऐवजांत गेलें, आणि २०१२ च्या डिसेंबरांत निघालेल्या ३.७ या आवृत्तीपासून एकच लिनक्स अनेक जातींच्या बोर्डांवर चालण्याचा मार्ग खुला झाला.

या दस्तऐवजाचें स्वरूप आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यासारखें आहे. अमुक गटक्रमांकाची जमीन, अमुक तिचा धनी, अमुक पीक, असें उतारा सांगतो. परंतु शेतांत पीक उभें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तर बांधावर जाऊन पीकपाहणी करावी लागते. लिनक्सहि तेंच करतें. झाडांतील प्रत्येक पानावर कारखानदाराचें व भागाचें नांव असतें. तो भाग चालविणारा जो कार्यक्रम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याच्यापाशींहि तशींच नांवें असतात. नांवें जुळलीं कीं ड्रायव्हर बांधावर जातो आणि त्या भागाला प्रत्यक्ष प्रश्न करतो. कागद आणि पाहणी यांचा मेळ बसला तरच तो भाग ‘सांपडला’ म्हणावयाचा.

कागदावर भरंवसा ठेवण्यांत काय जोखीम आहे, हें रास्पबेरी पायच्या पहिल्याच वर्षीं दिसून आलें. २०१२ च्या उत्तरार्धांत बोर्डाची दुसरी आवृत्ति निघाली. दिसण्यांत फरक थोडा, परंतु बाहेरच्या खुंट्यांवर आणलेली आय्-स्क्वेअर-सी ही दोन तारांची जोडणी पूर्वीं ० क्रमांकाची होती ती आतां १ क्रमांकाची झाली. पहिल्या बोर्डासाठीं लिहिलेल्या सूचना दुसऱ्यावर चालविल्या कीं यंत्र रिकाम्या जोडणीवर शोध घेई आणि कांहींच सांपडलें नाहीं असें प्रामाणिकपणें सांगे. म्हणून आधीं बोर्डालाच त्याची आवृत्ति विचारण्याची रीत पडली. पुढील बोर्डांत तर आवृत्तीच्या संकेतांकांत सारी जन्मपत्रिका आली. ‘ए०२०८२’ एवढ्या सहा अक्षरांत १ गिगाबाइट स्मृति, सोनी कंपनीचा ब्रिटनमधील कारखाना, चिपची जात, ‘पाय ३’ हा नमुना आणि त्याची आवृत्ति हें सर्व वाचतां येतें.

आय्-स्क्वेअर-सी ही जोडणी फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढली. तिच्यावर घड्याळें, तापमापकें, हालचाल मोजणाऱ्या चिपा अशा किरकोळ वस्तु बसतात. सामान्यतः तिच्यावर १२८ पत्ते असतात. त्यांतील १६ राखीव, उरले ११२. लिनक्समध्यें या पत्त्यांवर एकामागून एक टकटक करून एक तक्ता छापणारा कार्यक्रम आहे. ओ आली तेथें आंकडा, आली नाहीं तेथें दोन आडव्या रेघा. नवशिक्याला हा तक्ता फार समाधान देतो; पण त्याचा अर्थ बेतानेंच घ्यावा लागतो. सोळाच्या पायावर मोजलेल्या ६८ क्रमांकाच्या पत्त्यावर डी. एस्. ३२३१ हें घड्याळ राहतें, आणि एम्. पी. यू. ६०५० ही हालचाल मोजणारी चिपहि तेथेंच राहते. घरांत कोणीतरी आहे एवढेंच टकटकीनें कळतें. कोण आहे तें कळत नाहीं. शिवाय कांहीं वस्तु या टकटकीलाच हुकूम समजतात. आय्. बी. एम्. च्या थिंकपॅड लॅपटॉपांपैकीं कांहींमध्यें अशा शोधानें आंतील स्मृतीच्या चिपेवरील मजकूर बिघडून ते सुरू होईनासे झाले होते. शोधकार्य सर्वथा निरुपद्रवी असतें, असें समजण्याचें कारण नाहीं.

हें ध्यानांत घेऊन रास्पबेरी पायच्या मंडळींनीं २०१४ च्या जुलैमध्यें, खुंट्यांची संख्या २६ वरून ४० वर नेतांना, एक चांगला नियम केला. बोर्डाच्या डोक्यावर बसणाऱ्या जोडबोर्डांना त्यांनीं ‘हॅट’ म्हणजे टोपी असें नांव दिलें, आणि प्रत्येक टोपींत एक बारीक स्मृति असावी असें ठरविलें. तींत करणाऱ्याचें नांव, मालाचें नांव आणि डिव्हाइस ट्रीची त्या टोपीपुरती फांदी लिहिलेली असते. यंत्र सुरू होतांना २७ व २८ क्रमांकांच्या खुंट्यांवरून ती वाचतें आणि ती फांदी आपल्या झाडाला जोडून घेतें. म्हणजे सांगणें आणि शोधणें यांचा येथें मिलाफ झाला: वस्तु आपला उतारा आपल्याबरोबरच घेऊन येऊं लागली. २०१५ च्या आरंभीं रास्पबेरी पायच्या लिनक्सनें डिव्हाइस ट्री पूर्णपणें स्वीकारली, तेव्हां जुन्या सूचनांवर चालणारीं पुष्कळांचीं घड्याळें आणि मापकें एकाएकीं नाहींशीं झालीं. वस्तु जागच्या जागीं होत्या. कागदांत त्यांचीं नांवें राहिलीं नव्हतीं. संरचनेच्या फाइलींत एक ओळ लिहिल्याबरोबर त्या परत दिसूं लागल्या.

आतां कॅमेऱ्याकडे वळतां येईल. ‘सपोर्टेड = १, डिटेक्टेड = ०’ या उत्तरांतील पहिला आंकडा कागदाचा, दुसरा पाहणीचा. बहुधा पट्टी उलटी बसलेली असे, किंवा तिची पकड सैल राहिलेली असे. परंतु तसें नसलें तर? लिनक्स मुक्त असलें तरी हा कॅमेरा त्या काळीं लिनक्सच्या ताब्यांत नव्हता. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपमध्यें चित्राचा जो भाग आहे, त्याच्या बंद कार्यक्रमांतून तो चालविला जाई. त्या कार्यक्रमाची संहिता प्रसिद्ध नव्हती. ० कां आलें हें विचारण्याची सोय नव्हती. शून्याच्या मागें बंद दार होतें. २०१६ च्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर अस्सलपणा तपासणारी एक चिपहि बसविण्यांत आली. म्हणजे ‘सांपडला’ या शब्दांत वस्तूच्या अस्तित्वाबरोबर तिच्या कुळाचीहि चौकशी मिसळली. नक्कल करणाऱ्यांना आळा घालण्याचा विक्रेत्याचा हेतु समजण्यासारखा आहे. तथापि घरच्या यंत्रांत काय चाललें आहे हें मालकाला कळूं नये, हाहि त्याचा परिणाम होताच.

पुढें ‘लिबकॅमेरा’ हा मुक्त कार्यक्रमसंच तयार झाला आणि २०२१ च्या नोव्हेंबरांत रास्पबेरी पायच्या प्रणालीनें त्यालाच मुख्य मार्ग मानलें. तेव्हांपासून कॅमेऱ्याची पाहणी लिनक्सचा ड्रायव्हर करूं लागला. तो कॅमेऱ्याच्या आंतील ओळखक्रमांक वाचतो, सोनीच्या आय्. एम्. एक्स्. २१९ या चिपचा क्रमांक २१९ हाच आहे. तो मिळाला नाहीं तर नुसतें शून्य न छापतां, २१९ हा क्रमांक वाचतां आला नाहीं, असें स्पष्ट वाक्य रोजनाम्यांत उमटतें. तें वाक्य ज्या ओळींतून निघालें ती ओळ कोणीहि उघडून वाचूं शकतो. आरंभींची आपोआप होणारी ओळख अद्याप बंद भागाकडे आहे हें खरें. परंतु ती बंद करून कॅमेऱ्याचें नांव स्वतः लिहिण्याची मोकळीक मालकाला आहे, आणि तसें केलें कीं पुढील सारें संभाषण उघड्यावर होतें.

२०२३ सालच्या ‘पाय ५’ मध्यें तर इतिहासाचे हे सर्व थर एकावर एक दिसतात. बाहेरच्या खुंट्या संभाळणारी त्यांतील आर्. पी. १ ही चिप पी. सी. आय्. च्याच आजच्या पिढीच्या जोडणीनें मुख्य प्रोसेसरला जोडलेली आहे. म्हणजे ती हजेरीला ‘हजर’ म्हणते. तिच्या पोटांतील भाग मात्र उताऱ्यावरूनच कळतात. खुंट्यांवरील घड्याळासाठीं टकटक करावी लागते, आणि यू. एस्. बी. ची वस्तु स्वतःच नांव सांगते. ज्याला बिघाड शोधावयाचा त्यानें म्हणूनच क्रमानें विचारावें: बोर्ड कोणता, कागदांत नांव आहे काय, हजेरींत आहे काय, पत्त्यावर कोणी ओ देतें काय, आणि ड्रायव्हरनें रोजनाम्यांत काय लिहिलें आहे. ‘सांपडलें नाहीं’ हें उत्तर या पांचांपैकीं कोणत्या दारावरून आलें, तें कळलें कीं निम्मा बिघाड सांपडला.

अप्टन यांना केंब्रिजमध्यें जी उणीव दिसली होती ती माहितीची नव्हती. विचारण्याच्या संवयीची होती. जम्परच्या काळीं यंत्र उघडल्यावांचून गत्यंतर नव्हतें, म्हणून मालकाला त्याचे अवयव ठाऊक असत. पुढें यंत्र शहाणें झालें आणि मालक अडाणी राहिला तरी चालूं लागलें. एखाद्या शाळकरी मुलीच्या बोर्डावर जेव्हां ० उमटतें तेव्हां तिच्यापुढें दोन मार्ग असतात. दुसरा कॅमेरा विकत आणावा, अथवा पट्टी काढून पुन्हा बसवावी, उतारा वाचावा, रोजनामा चाळावा, आणि यादींत चूक असेल तर ती दुरुस्त करून सर्वांसाठीं पाठवावी. पहिला मार्ग सर्वच यंत्रांत उपलब्ध असतो. दुसरा ज्या यंत्रांत उघडा आहे तें यंत्र ३५ डॉलरांचें असलें तरी, पूर्णार्थानें तिच्या मालकीचें आहे.